गळ्यापर्यंत भरलेली टाकी

एका गावात एक भोळा ड्रायव्हर होता. नाव धोंडीराम. त्याची बायको मात्र फार शहाणी. गावात तिच्याएवढी शहाणी बाई नव्हती, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. ती बाई म्हणजे मी. चौथी पास.

गावातल्या दूध संघानं दोन गाड्या घेतल्या. एकसारख्या. अर्ध्या विजेवर, अर्ध्या पेट्रोलवर. वायर लावून चार्ज करायची, बॅटरी आहे तोवर बॅटरीवर पळायची, ती संपली की पेट्रोलवर. एक गाडी विलासकडं, एक आमच्या ह्यांच्याकडं.

पंधरा दिवसांनी चेअरमननी दोघांना समोर उभं केलं.

"गाडी तीच, रस्ता तोच. विलासची गाडी पेट्रोलचा नुसता वास घेते आणि धोंडीराम, तुझी पिते. असं का?"

"तहान लागत असंल साहेब," हे म्हणाले.

चेअरमन म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघणार. जी गाडी जास्त पेट्रोल खाईल ती विकणार. आणि तिच्या ड्रायव्हरनं घरी बसायचं."

हे घरी आले आणि जेवायला बसले. मी ताट ओढून घेतलं.

"अहो, गाडीला वायर लावता का?"

"नाही."

"का?"

"तूच म्हणतेस, वीज जाळायची नाही. वायर गुंडाळून माळ्यावर ठेवलीय. नवीच्या नवी आहे."

मी कपाळावर हात मारला. "अहो, ते घरातल्या दिव्याचं सांगितलं होतं! गाडीला रोज वायर लावायची. मोबाईलला लावता तशी. आणि चार्जिंगला असताना हात लावायचा नाही, झटका बसतो."

"असं व्हय," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी गाडीला वायर लावली. चेअरमनना तालुक्याला मीटिंगला जायचं होतं. इस्त्रीचे कपडे घालून आले. हे गाडीपुढं हात पसरून उभे.

"हात लावू नका साहेब, चार्जिंगला आहे."

"अरे, मला जायचंय!"

"झटका बसंल. बायकोनं सांगितलंय."

चेअरमन कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून गेले. धुळीनं केस पांढरे झाले. आधी काळे केलेले होते.

संध्याकाळी मी म्हणाले, "अहो, चेअरमन दिसले की आधी वायर उपटायची आणि मग नमस्कार करायचा! एवढंपण कळत नाही?"

"असं व्हय."

तिसऱ्या दिवशी चेअरमन चालत संघात आले. दूध गार करायची मोठी टाकी असते, तिच्या खोलीत शिरले. तिथं हे उभे. चेअरमन दिसले. ह्यांनी आधी टाकीची वायर उपटली, मग वाकून नमस्कार केला.

चेअरमन खूश झाले. म्हणाले, "वळण लागलं तुला."

दुपारपर्यंत सगळ्या गावाचं दूध नासलं. गावात घरोघरी तीन दिवस पनीर खाल्लं. आम्हीपण खाल्लं, फुकट होतं.

मी ह्यांना दारातच गाठलं. "आत माल असला की गार ठेवायचं असतं! दार लावायचं, थंड हवा चालू ठेवायची आणि कुणी काही म्हणालं तरी बंद करायची नाही. कळलं?"

"कळलं," हे म्हणाले. मलापण वाटलं, कळलं.

मग चेअरमनच्या भाच्याचं लग्न आलं. हे चेअरमनना आणि चेअरमनीणबाईंना घेऊन गेले. लग्न लागलं, जेवणं झाली, फोटो झाले, नवरी रडून झाली. सगळे बाहेर येतात तर गाडी घुर्र घुर्र करत जागेवर उभी. काचा बंद, एसी चालू. बॅटरी संपलेली, पेट्रोलचा काटा तळाला टेकलेला. हे बाहेर उन्हात घाम पुसत पहारा देत बसलेले.

"अरे, आत कोण आहे?" चेअरमननी विचारलं.

"माल आहे साहेब."

"कसला?"

"बाईंची पेरूची पाटी."

पेरू फार छान गार झाले होते. खाल्ल्यावर चेअरमनना दोन दिवस शिंका येत होत्या.

विलासची बायको शेवंता हापशावर मला म्हणाली, "काय गं, तुझा नवरा पेरूंना फिरवतो म्हणे?"

मी म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला तरी कोण फिरवतं? तूच ना?" बोलले खरी, पण घरी येऊन रडले. नोकरी गेली असती तर आमच्याकडं एक म्हैस आणि तिचं रेडकू, एवढंच होतं.

त्यात ते रेडकू दावं तोडून निम्मं दूध पिऊन गेलं. हे उरलेलं दूध तसंच संघात घालून आले. अर्धी किटली!

माझं डोकं भडकलेलंच होतं. "अर्धी किटली घेऊन जायला लाज नाही वाटली? कमी दिसलं की वरपर्यंत भरायचं!"

"कशानं?"

"दारात हापसा काय पूजेला बसवलाय?"

ह्यांनी हापशाकडं बघितलं. मग किटलीकडं बघितलं. "असं व्हय," म्हणाले.

महिनाअखेर आली. चेअरमननी शर्यत लावली. दोन्ही गाड्या चार्ज करायच्या. पंपावर दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरायच्या. घाट चढून देवीला जायचं, परत यायचं आणि त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरायचं. दुसऱ्यांदा ज्याच्या टाकीत कमी पेट्रोल मावेल तो जिंकला.

निघताना मी ह्यांच्या शर्टाचं बटण लावून दिलं. बजावलं, "आज टाकी कमी दिसली तर नोकरी गेली. ध्यानात ठेवा."

"ठेवतो," हे म्हणाले. आणि ठेवलं. तोच तर घोळ झाला.

दुपारी सगळं गाव पंपावर. आधी विलास आला. त्याच्या गाडीत थोडंसंच पेट्रोल मावलं. शेवंता पदर सावरून माझ्याकडं बघायला लागली. मी आकाशाकडं बघितलं.

मग हे आले. गाडी अगदी हळू, न आवाज करता, बॅटरीच्या शेवटच्या घोटावर आली. पंपावरच्या पोऱ्यानं नळी घातली. खटकन बंद. पुन्हा घातली. पुन्हा खटकन बंद.

"साहेब, थेंब मावंना! टाकी गच्च आहे!"

गावात एकच आरडाओरडा झाला. चेअरमननी विलाससाठी आणलेला हार ह्यांच्या गळ्यात घातला. म्हणाले, "सगळ्या जिल्ह्यातनं ड्रायव्हर आणतो बघायला! धोंडीराम, नोकरी पक्की!"

मी शेवंतासमोर जाऊन उभी राहिले. "बघितलंस? ह्याला ड्रायव्हर म्हणतात! आणि शिकवलं कुणी? मी! हे जे काही आहे ते सगळं माझं शिकवणं आहे!" तिघांनी ऐकलं नव्हतं म्हणून पुन्हा एकदा मोठ्यानं सांगितलं.

चेअरमन गाडीत बसले. "चल, वेशीपर्यंत मिरवू."

बॅटरी संपलेली. पेट्रोलचं इंजिन चालू झालं. खोकलं. शिंकलं. थांबलं. पंपावरच्या मिस्त्रीनं खाली वाकून नळी सोडवली, बाटलीत धरली, उन्हात बघितली.

"साहेब, पाणी आहे."

सगळ्यांनी बाटलीकडं माना पुढं केल्या.

"धोंडीराम," चेअरमन हळूच म्हणाले, "टाकीत पाणी कुणी घातलं?"

"मी साहेब. वेशीबाहेरच्या हापशावर. कमी दिसली, म्हणून वरपर्यंत भरली."

"अरे गाढवा, हे तुला कुणी शिकवलं?"

हे हारासकट माझ्याकडं वळले. तोंडभर हसले.

"हिनं. दूध कमी पडलं की ही असंच भरते. रोजचंच आहे साहेब. तुमच्या घरी आमचंच तर दूध येतंय, तुमचा चहा कधी बंद पडला का?"

पंपावर एकही जण हसला नाही. संघात दूध घालून तशाच आलेल्या बायकांनी आपापल्या रिकाम्या किटल्या पदराखाली घेतल्या. शेवंताची किटली सगळ्यात आधी आत गेली.

ते बघून मी गप्प बसायला हवं होतं. पण चारचौघांत नवऱ्यानं खोटं बोललेलं मला खपत नाही. कमरेवर हात ठेवून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडले,

"साफ खोटं बोलतायत! रोज कुठं घालते? कमी पडलं तरच!"

आता लोक येताजाता विचारतात, "तुमच्या दोघांत भोळं कोण?"

हे लगेच हात वर करतात. भोळेच आहेत.