पुन्हा एकदा पहिली ओळ

फार मागे, शहरातल्या बागेत माणसांपेक्षा पाखरांचा दरारा होता, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या कोरड्या कारंज्यावर संध्याकाळी कवितांची मैफल भरायची. नियम एकच, पण मोठा कडक: जो अडखळला, त्याला पुन्हा बोलावणं नाही. सरडा एकदा अडखळला, तो अजून कुंपणाआड तोंड लपवून बसला होता.

अशा मैफलीत खारीने नाव दिलं. स्वतः पुरलेलं बी जिला सापडत नाही, तिने! कठड्यावर चढून तिने पहिली ओळ म्हटली, "विसरून गेले बी जिथे..." आणि पुढचं सगळं साफ विसरली. पोपट चोचीतल्या चोचीत हसला. खारीला वाटलं, आता या कारंज्यातच जीव द्यावा, पण मेल्यात पाणीच नव्हतं.

एवढ्यात पुढे बसलेली म्हातारी साळुंकी डोलत म्हणाली, "वा! काय ओळ आहे गं! पुन्हा म्हण!" आणि खारीच्या आधी तिनेच ती म्हटली. मग कबुतरांनी उचलली, मग सगळ्यांनी. ओळ कारंज्याला फेरी मारून परत आली, तेव्हा दुसरी ओळही तिचं बोट धरून आली: "तिथेच पडली सावली!" मग खारीने उरलेली कविताही म्हणून टाकली.

खाली उतरल्यावर तिने हळूच विचारलं, "साळुंकीआजी, एवढी आवडली ओळ?"

"आवडली गं. पण त्याआधी तुझी शेपटी थरथरताना दिसली."

पुढच्या मैफलीला खारीच्या हट्टाखातर सरड्याला बोलावणं गेलं. पहिली ओळ म्हणताच तो हिरव्याचा पिवळा पडू लागला. तोच पुढच्या रांगेतून खार ओरडली, "वा! सरडेबुवा, पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या!"