शनवारी कुरकुरलेला घाणा

"स्तोत्र कोणतं, तेवढं सांगा बाबा. लपून वार करणाऱ्यावर देवाचा बाण पडतो, ते."

आकोबने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. राग मात्र तो घेऊनच आत आला.

हसाजीबाबा सुपातले पोहे बोटांनी चाचपून निवडत होते. खाडीकाठच्या त्या गावातल्या बेने इस्राएल ज्यू मंडळींचे ते हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. डोळे अधू झाले, तेव्हा आपली जागा आकोबला द्यायची असं त्यांनीच ठरवलं होतं. आकोबचा गळाच तसा होता. तो गाऊ लागला की भांडणारी माणसंही गप्प बसत. हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं, ती गोष्ट वेगळी.

"झालं काय?"

"माझा घाणा शनवारी चालला, असं कुणीतरी सभास्थानाच्या मुकादमांच्या कानात घातलं. सणाची प्रार्थना मी चालवायची नाही म्हणे!"

तेल गाळणारी ही मंडळी शनिवारी, त्यांच्या पवित्र विसाव्याच्या दिवशी, घाण्याला हात लावत नसत. सारा मुलूख त्यांना शनवार तेलीच म्हणे. त्यांच्यात शनिवार मोडणारा हज्जान होणं म्हणजे आनंदच.

"मग, चालला का?"

"शुक्रवारी दिवेलागणीला घाण्याची फिरवायची लाठ काढून ठेवायची राहिली. सकाळी बैलाने दावं तोडलं आणि लाठेला मान घासत सुटला. दोन फेरे झाले असतील. मी धावत जाऊन बांधला त्याला."

"हे मुकादमांना सांगितलंस?"

"त्यांनी कुठं विचारलं? मी का सांगू?"

बाबांनी एक तूस वेचून बाजूला टाकलं.

"बोलला कोण?"

"लपलाय ना तो! म्हणून तर स्तोत्र हवंय." आकोब पुढे सरकला, आवाज खाली आणला. "पण मला संशय आहे. रोहेकरांचा दानियल. त्याचा मेहुणा. चेऊलकरांचे ते दोघे भाऊ. आणि सिगुलाकाकी, तिच्या तोंडाला कुठं कुलूप आहे?"

"पाच झाले."

"पाच."

"आणखी कुणाकुणाला सांगितलीस ही नावं?"

"घरी. विहिरीवर थोडंफार. मग बाजारात एकदोघांना..."

"ते पाच जण समोर होते?"

आकोब सुपातले पोहे उगाच चिवडू लागला.

बाबांनी सूप सारलं, फडताळातून स्तोत्रांची जुनी पोथी काढली, पान चाचपलं आणि ती त्याच्या हातात दिली.

"हे. म्हण."

आकोबने सूर लावला. आवाज खरोखर देखणा होता. आडून कुजबुजणाऱ्यांपासून मला झाक, अशी विनवणी झाली. मग आडोशाला बसून जीभ परजणाऱ्यांची ओळ आली... आणि तिथे त्याचा सूर अडकला. विहिरीवर आपण कसे, कुणाकडे झुकून बोललो, ते त्याला लख्ख आठवलं.

"थांबलास का?"

"बाबा... त्या पाचांतला एक तरी असेलच ना?"

"नाही."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"तुझं परसू माझ्या खिडकीला लागून आहे, आकोबा." बाबा शांतपणे म्हणाले. "घाणा कुरकुरला तो मी ऐकला. मुकादमांनी विचारलं. मी सांगितलं."

आकोब पाहतच राहिला. प्रार्थनेचा एकेक शब्द ज्यांनी त्याच्या तोंडात बसवला, ते हेच. त्याला ते फार लागलं.

"मला विचारायचं तरी, बाबा!"

"विचारायला हवं होतं. भिंतीपलीकडे तर होतास... नाही विचारलं."

शनिवारची प्रार्थना संपली की हातबोशी होते. एकाने तळहात पुढे करायचे, दुसऱ्याने ते आपल्या हातांत धरायचे, मग दोघांनी आपापली बोटं ओठांना लावायची. मनात अढी असेल, तर हात पुढे होत नाहीत.

तो वार शनिवार नव्हता. तरी बाबांनी दोन्ही तळहात पुढे केले.

आकोबच्या हातांत उघडी पोथी होती. ती खाली ठेवल्याशिवाय त्याला हात देता येणार नव्हते.

त्याने ती तशीच धरून ठेवली.

"नाव हवं होतं ना तुला?" बाबा म्हणाले. "आता मिळालं. म्हण आता ती बाणाची ओळ."