पोटभर जेवून मागायची इच्छा

हिरव्यागार डोंगराच्या कुशीत एक बाग होती. तिथे केशरी आबोली होती, पिवळाधमक झेंडू होता, पांढरीशुभ्र जाई होती. बाग दुसऱ्याची होती. तिला पाणी घालणारी आई मात्र हौसाची होती. दोघी मायलेकी बागेच्या टोकाला इवल्याशा झोपडीत राहायच्या. घरात दोन पातेली, एक गोधडी आणि रोजच्या मोजक्या भाकऱ्या, एवढंच होतं.

हौसा आठ वर्षांची होती. तिचे गाल गोल, हात गोल, पोटही गोल. आईची ठेवण तशीच, आणि आईच्या आईचीही तशीच होती म्हणे.

एकदा गावातली कुंदा सगळ्या पोरींसमोर हौसाकडे बोट दाखवून म्हणाली, "अगं, हिच्या घरात खायला नसतं म्हणे! मग ही भोपळी कुणाची भाकरी खाते?"

पोरी खी खी हसल्या. कुंदाला आणखी जोर चढला. "आणि मैने, तू हिच्याबरोबर फुगडी घालतेस? मनगटं मोडतील हो तुझी!"

मैना हौसाची जिवाभावाची मैत्रीण होती. अगदी काडीसारखी बारीक. ती फणकारली, "मनगटं माझी आहेत. मी बघीन."

पण ते बोलणं हौसाच्या मनात काट्यासारखं रुतलं. त्या दिवसापासून ती एखाददुसऱ्या घासावर राहू लागली. आईनं दिलेली बाकीची भाकरी ती परकरात लपवायची आणि बागेतल्या खारुताईला घालायची. "जेवले ग," म्हणायची. आईला खरं वाटायचं. आठ दिवस असं चाललं. पोट गुरगुरायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. कधी सगळं राखाडी दिसायचं.

आणि फुगडी? तीही बिघडली. आधी दोघी भिंगरीसारख्या फिरायच्या. आता दोन गिरक्या झाल्या की धप्प! मैना मातीत पडायची. तिचे दोन्ही गुडघे सोलवटले.

गौरीच्या दिवशी गावातल्या अनसाकाकूंच्या अंगणात फुगड्या व्हायच्या होत्या. जोड्या लावायचं कामही त्यांचंच. त्या म्हणाल्या, "पोरींनो, उद्या दुपारी शेवटचं बघते. पुन्हा पडलात तर मैना कुंदाबरोबर फुगडी घालेल. हौसा, तू बसून गाणी म्हण."

बसून! मैनाशिवाय! हौसाला रात्रभर रडू आवरेना.

सकाळी ती बागेत गेली. पाण्याच्या पाटापाशी आली तर बारीकसा आवाज आला, "अगं, काढ ना मला!"

चिखलात काहीतरी लुकलुकत होतं. हौसाला चक्कर येत होती, तरी ती गुडघ्यांवर बसली. दोन बोटांनी तिनं अलगद ते उचललं, ओंजळीत पाणी घेऊन धुतलं. आणि काय सांगू! ती परी होती! अंगठ्याएवढी! तिचे पंख मोरपिसासारखे निळे-हिरवे, झगा आबोलीचा. पण पोट बोरासारखं टुमटुमीत!

"तुम्ही खरंच परी आहात?" हौसानं विचारलं. "परी तर बारीक असते."

"असं कोण म्हणतं? कुणी बघून आलंय?" परी खुदकन हसली. "तू मला वाचवलंस. एक इच्छा माग. पण दोन अटी आहेत हं. उपाशी पोटी मागितलेलं मला ऐकूच येत नाही. आणि जिच्यासाठी मागशील, तिच्यासमोर मोठ्यानं मागायचं. कुजबुजायचं नाही."

हौसाला काय मागायचं ते ठाऊक होतं. ती धावत घरी गेली. गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा घेऊन परत आली. आठ दिवसांनी पहिल्यांदा पोटभर! डोळ्यांत पाणीच आलं. परीनंही चिमणीच्या चोचीएवढा तुकडा मागून घेतला. हौसानं सगळी भाकरी संपवली आणि मान वर केली, तर आबोली पेटल्यासारखी केशरी दिसत होती. जाईचा वास नाकात शिरला. बाग एवढी सुंदर होती?

मग ती मैनाला हाताला धरून घेऊन आली. परीला पाहून मैनाचा आ वासलेलाच राहिला.

हौसानं डोळे मिटले आणि ओरडून म्हणाली, "मला मैनासाठी काडीसारखं बारीक कर! म्हणजे माझ्या भारानं तिची मनगटं मोडणार नाहीत!"

"थांबा, थांबा!" मैना परीच्या आडवी आली आणि हौसाकडे वळली. "म्हणून तू हल्ली हात सैल धरतेस? मागे झुकतच नाहीस! अगं वेडाबाई, तू झुकत नाहीस म्हणूनच मी पडते!"

"पण मी जड आहे ग."

"मग असू दे की! मला धरून ठेवायला कुणीतरी हवंच ना? भार दे मला. सगळाच्या सगळा दे."

दोघींनी हातांना तिढा घातला. चवड्याला चवडे भिडवले. हौसा घाबरत घाबरत मागे झुकली. थोडी, आणखी थोडी, मग पूर्ण! मनगटं मोडली नाहीत. मोडतील कशी? दोघी गरगर, गरगर फिरू लागल्या. झेंडू पिवळी रेघ झाला, आबोली केशरी रेघ झाली. परी टाळ्या पिटत ओरडली, "फू बाई फू!"

धापा टाकत दोघी थांबल्या. परी म्हणाली, "काय ग, तीच इच्छा पुरी करू?"

"नको, नको, नको!" हौसानं पोटाला दोन्ही हातांनी मिठी मारली. मग थोडा विचार करून म्हणाली, "गावात कुठल्याच पोरीला जेवताना लाज वाटू नये. कुंदालासुद्धा. ती ताटात अर्धी पोळी ठेवून उठते. मी बघितलंय."

"मग सगळ्या पोरींना बोलव, कुंदालाही. त्यांच्यासमोरच मागायला हवं ना?"

पोरी आल्या, कुंदाही आली. हौसानं पुन्हा मोठ्यानं मागितलं. कुंदाचे कान लाल झाले.

दुपारी अनसाकाकू बघतच राहिल्या. "अगं बाई, भिंगऱ्याच आहेत ह्या!" म्हणाल्या. घरी हौसानं आईला लपवलेल्या भाकऱ्यांचं सगळं सांगितलं. आईनं तिला कुशीत घेतलं आणि आपल्या हातानं भरवलं.

गौरीच्या दिवशी परी हौसाच्या वेणीत बसून आली. पंगतीत कुंदा आधी चुळबुळली, मग ताट पुढे करून म्हणाली, "काकू, मला तिसरी पोळी. आणि तूप जास्त!"

"हौसे, पुरी झाली इच्छा," परी कानात म्हणाली. "तू दुसऱ्यांसाठी मागितलंस, म्हणून हे तुझ्यासाठी. तुमच्या झोपडीपुढे आबोली लावली आहे. बारा महिने फुलेल. तिची फुलं तुमची."

तेवढ्यात फुगड्या सुरू झाल्या. हौसानं आपला सगळा भार मैनाला दिला, मैनानं तिला दिला. गिरकी, गिरकी, गिरकी! वेणीतून सोनेरी ठिणगी उडाली, तिची चांदणी झाली, चांदणीचा लखलखता झोत झाला. सगळं अंगण उजळलं आणि परी त्या उजेडात विरून गेली.

"हौसे, परी गेली बघ!" मैना ओरडली.

"दिसलं मला," हौसा हसत म्हणाली. "थांबू नकोस, फीर!"