भिवराची कुंची

उमानाथ महाराज तोरणवाडीच्या धर्मशाळेत उतरले, त्या वर्षीचा पौष फार कडक होता. महाराज बोलत थोडेच. पण दर्शनाला लेकरू आणलं, की आधी त्याचे तळपाय हातात घेऊन पाहत. गार तर नाहीत ना!

त्याच गावात भिवरा राहत असे. तिचं एकुलतं एक बाळ अशाच थंडीत, बारशाच्या आतच गेलं होतं. मागे राहिली एक खणाची कुंची. पण भिवरा कडवट झाली नाही. गावात कोणत्याही आळीत पाळणा हलला, की ती जुन्या लुगड्याचं मऊ दुपटं शिवी आणि मधोमध त्या कुंचीचा बोटभर तुकडा लावी. "देवा, माझ्या बाळाला हिची ऊब पुरली नाही, याला तरी पुरू दे," एवढंच तिचं मागणं.

पाटलीण लक्षुंबाईंना सातव्या महिन्यातच नातू झाला. भिवरा कुंचीचा शेवटचा तुकडा लावलेलं दुपटं घेऊन गेली. पाटलीणबाई कडाडल्या, "मेलेल्या पोराची चिंधी माझ्या नातवाच्या अंगावर? अगं, स्वतःचं राखता आलं नाही, आणि निघाली दुसऱ्यांची राखायला!" आणि त्यांनी दुपटं शेगडीत टाकलं.

भिवरा ते जळताना पाहत राहिली. निघताना म्हणाली, "बाळाची टाळू तेवढी झाकून ठेवा, बाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळ गार पडलं. कापसात गुंडाळलं, चार शेगड्या पेटवल्या. ओठ निळे ते निळेच. वैद्यांनी मान हलवली. पाटलीणबाई बाळाला पदराखाली घेऊन धर्मशाळेकडे धावल्या.

महाराजांनी ते चिमुकले तळपाय हातात घेतले. म्हणाले, "माय, भिवराकडे चल."

"कोणत्या तोंडानं जाऊ, महाराज? मी तिचं दुपटं जाळलं!"

"तोंडाचं राहू दे. लेकरू ने."

महाराज स्वतः बरोबर गेले. त्यांनी बाळासाठी कुंचीचा तुकडा मागितला, तशी भिवराला रडू फुटलं. "तो शेवटचा तुकडा होता, महाराज! गाठोड्यात आता नुसता दोरा उरलाय."

"सोड तर खरं."

तिने गाठ सोडली. आणि काय नवल! आत अख्खी कुंची! कुठे कात्री लागल्याची खूण नाही. गळ्यापाशी दुधाचा तोच जुना डाग.

भिवराने तो डाग बोटाने चाचपून पाहिला. महाराज हळूच म्हणाले, "तू इकडून कापत होतीस, माय. तो तिकडून शिवत होता."

भिवराने बाळाला कुंची घातली, उराशी घट्ट धरलं. कुणी श्वासही घेईना. मग बाळ शिंकलं. ओठांवर रंग चढला आणि ते टाहो फोडून रडलं. अहाहा, काय गोड ते रडणं!

पाटलीणबाई महाराजांच्या पायांवर पडायला वाकल्या, तर महाराज मागे सरले आणि त्यांनी भिवराकडे बोट दाखवलं. पाटलीणबाईंनी भिवराच्या भेगाळलेल्या पायांवर कपाळ टेकलं.

भिवराची नजर बाळावरून हलली नव्हती. "उठा बाई," ती म्हणाली, "आधी तेवढं दार लावा. वारा लागतोय लेकराला."

ज्यांनी स्वतःच्या घराचं दारही कधी लावलं नव्हतं, त्या पाटलीणबाईंनी उठून भिवराच्या झोपडीचं दार हलक्या हाताने लावलं, आणि पुन्हा येऊन तिच्या पायाशी बसल्या.