टेकडीबाबांची पुस्तकं

माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं. शब्द साधेच आहेत, पण गोष्ट ऐकली तशी सांगतो.

“बाबा, माझ्या पुस्तकावर तुमचं नाव कसं?”

विद्याधरने पुस्तक बाबांपुढे धरलं. छापखान्यातून आलेला गठ्ठा त्याने नुकताच सोडला होता. मधमाश्यांच्या मागे रानोरान फिरून त्याने हे पुस्तक लिहिलं होतं. आणि वर ठसठशीत छापलं होतं: लेखक, टेकडीबाबा.

बाबा मठाच्या ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“माझं नाही ते.”

“या टेकडीवर दुसरा कोण आहे टेकडीबाबा?”

“छापखानेवाल्याला वाटलं असेल, टेकडीवरून आलं म्हणजे टेकडीबाबांचंच. आजवर तसंच छापत आलाय. त्याच्या आधी त्याचा बाप.”

विद्याधरने आतून चार जुनी पुस्तकं आणून ओसरीवर आपटली. विहिरींवरचं, सर्पदंशावरचं, बैलांच्या आजारांवरचं, नक्षत्रांवरचं. चारही टेकडीबाबांची. हीच वाचून तो कॉलेजातली नोकरी सोडून इथे आला होता. एका माणसाला एवढं सगळं ठाऊक असेल, तर गुरू करावा तो हाच.

“ही चार आहेतच की तुमची. पाचवं कशाला हवं?”

बाबांनी विहिरींचं पुस्तक उचललं. उलटं धरलं. थोडा वेळ पाहिलं, आणि खाली ठेवलं.

“मला वाचता येत नाही रे.”

“पण रोज संध्याकाळी माझ्याकडून वाचून घेता ते?”

“मग काय, तुझा गळा गोड म्हणून?”

“बाबा… मग ही कोणी लिहिली?”

“विहिरीवाला पाथरवट होता म्हणतात. सापवाल्याला मी पाहिलंय, बोलताना अडखळायचा. बाकीचे दोघे माझ्या आधीच गेले. जो इथे राहिला, त्याला खालचे लोक टेकडीबाबा म्हणाले. कुणी नको म्हटलं नाही.”

“त्यांची खरी नावं?”

“असतील की.”

विद्याधरने चारही पुस्तकांवरचं ते एकच नाव पुन्हा वाचलं. ज्याच्या ज्ञानाचे गोडवे तो गावोगाव गात होता, तो माणूस कधी नव्हताच.

“नोकरी सोडली म्हणून माझ्या वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलंय, बाबा. हे पुस्तक घेऊन मी त्यांच्यापुढे उभा राहणार होतो. आता काय दाखवू?”

बाबा उठले. कोनाड्यातली दौत आणि बोरू आणून त्याच्यापुढे ठेवला.

“खोड ते. तुझं नाव लिही. हक्काचं आहे.”

आणि पुन्हा शेंगा सोलायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्याधरने पहिल्या प्रतीवरचं नाव खोडलं. आपलं लिहिणार, एवढ्यात खालच्या वाडीतली ठकूबाई धापा टाकत वर आली. गोठ्यापाशी आग्या मोहोळ उठलं होतं. म्हैस दाव्याला अडकलेली, आणि कुणाची जवळ जायची छाती होत नव्हती.

“माझा भाचा छापखान्यात हाय. त्यो म्हणला, टेकडीबाबानं माश्यांवर पुस्तक लिवलंय. तुमीच का ते?” तिने विद्याधरला विचारलं.

विद्याधर बोरू टाकून उठला. घोंगडी घेतली, धुरासाठी गोवऱ्या घेतल्या. उंबऱ्याशी मात्र अडला.

“बाबा, हिला काय सांगू?”

“वाटेत सांग काय ते. म्हैस थांबायची नाही.”