धुळोजीचा उतार

नदीला पूल नव्हता, त्या काळची ही गोष्ट. काळकुंभ्याच्या घाटावर धुळोजी नावाडी होता. म्हाताऱ्यांना तो पाठीवर घेऊन नावेत बसवी, रडक्या पोरांना वल्हं धरू देई. साऱ्या गावाचा लाडका. असं म्हणतात, त्याची नाव आली की मासेसुद्धा वाट देत.

पण त्याच्या पोटात एक गुपित होतं. नदीला एके ठिकाणी उतार होता. तिथून गुडघाभर पाण्यातून चालत पलीकडे जाता येई. तो त्याने कुणाला दाखवला नाही.

देवळात कीर्तनकार सांगत, "जाणूनबुजून केलेलं पाप गंगेतही धुतलं जात नाही." तेव्हा सगळ्यांत जास्त रडे तो धुळोजीच.

त्याची लेक हौसा चलाख. बापाचं धोतर पहाटे गुडघ्यापर्यंतच ओलं असतं, हे तिने हेरलं होतं; त्यावरून कुठेतरी उतार असणार, हेही ताडलं होतं.

"बा, उतार लपवणं वाईट, कळतं ना तुला?"

"कळतं गं, पण..."

"पण काय?"

"मग मला हाक कोण मारील?"

हौसा कपाळावर हात मारून घेई.

एका चैत्रात पलीकडच्या वस्तीला वणव्याने घेरलं. माणसं काठावर धावली. माणसं ऐंशी, नावेत जागा आठांची. धुळोजी हौसाला घेऊन पलीकडे गेला. ती काठावर उतरली. "बा, आता तरी सांग!"

"कळतं गं, पण..." म्हणत त्याने आठजणांना घेऊन नाव लोटली.

हौसाने पदर खोचला आणि ती सरळ पाण्यात शिरली. तिला उताराची जागा माहीत नव्हती. बाप माहीत होता. पाणी छातीला लागलं.

"हौसेऽ, तिथं डोह आहे! काळ्या खडकाकडं ये, तिथं उतार आहे!"

सगळ्यांनी ऐकलं. धुळोजी नाव खडकाला टेकवून, पाण्यात उडी टाकून उभा राहिला. असं म्हणतात, शेवटचं माणूस पार होईपर्यंत नदी त्याच्या घोट्याच्या वर चढली नाही.

आणि गंमत म्हणजे, त्यानंतरही लोक हाका मारत राहिले. उतार सोडून मुद्दाम त्याच्या नावेत बसत.

आता तिथे पूल आहे. तरी चैत्रात सारं गाव उतारावरून चालत जातं. काळ्या खडकापाशी थांबून प्रत्येकाने, कळत असूनही आपण करत नाही अशी एक गोष्ट मोठ्याने सांगायची. पुढे 'पण' म्हटलं, की पोरी त्याला पाण्यात बुचकळतात.

दरवर्षी सगळ्यांत जास्त भिजतात ते गावातले आजोबा.