चाळिसावा दाणा

त्या मुलखात एक बांध होता. बांधावर ज्यांची पेवं धान्यानं भरलेली अशा मुंग्या राहत, आणि बांधाखाली ज्यांचं हातावर पोट अशा.

कायदा जुना होता आणि सगळ्यांना तोंडपाठ होता. घरचं भागून जे वर्षभर पेवात पडून राहिलं, त्यातल्या चाळीस दाण्यांमागे एक दाणा रिकाम्या पेववालीचा. साठवणीच्या दाण्याचं कोंब फुटायचं टोक मुंग्या चावून टाकतात, नाहीतर ओल लागली की पेवातच शेत उगवायचं. चाळिसाव्या दाण्याला मात्र दात लावायचा नाही. तो आपला नव्हेच. ज्याचा आहे त्याच्या दाराशी न्यायचा, ठेवायचा, आणि दार उघडायच्या आत पाठ फिरवायची.

खंडी नावाची मुंगी बांधावर सगळ्यांत सधन होती. कष्टाळू होती, यात वाद नाही. पण दाणा सोडायचा म्हटलं की तिच्या अगदी जिवावर यायचं. मोजायला ती कधी चुकत नसे. फक्त बाहेर जाणारा दाणा ती निवडून काढी, किडका, हलका, कोपऱ्यात पडलेला. ‘एक द्यायचा ठरलंय,’ ती स्वतःला सांगे, ‘कोणता ते कुठं ठरलंय?’

एका वर्षी तिचा असा एक दाणा बांधाखालच्या कणीकडे गेला. कणी एका पायानं लंगडी होती. खंडीनं दाणा ठेवला आणि तिथंच उभी राहिली. एवढं ओझं उतारावरून आणायचं आणि कोणी बरं म्हणायलाही नसावं, हे तिला काही पटेना.

कणी बाहेर आली. “खंडीताई, वाट चुकलात का? ठेवून वळायचं असतं.”

“पोचलं की नाही ते बघत होते.”

“माझं माझ्याकडे पोचतंच.” कणीनं दाणा उचलला. तो फारच सहज उचलला गेला. हलवून पाहिला, तर आत काहीतरी वळवळलं. तिनं तो खंडीच्या पुढ्यात परत ठेवला. “हा तुमचाच दिसतो, ताई. माझा असा नसतो.”

खंडीचा नुसता संताप झाला. दुसऱ्याचं खाणारीला एवढा तोरा! दाणा घेऊन ती तरातरा वर आली. फेकवेना, म्हणून परत पेवात टाकला. चाळीसच्या चाळीस घरात राहिले, याचं तिला खरं तर बरंच वाटलं.

आतल्या किड्यालाही पेव आवडलं.

पुढच्या पावसाळ्यात झड लागली. सगळ्यांनी दारं लिंपून घेतली. खंडीनं पेवात तोंड घातलं तर पीठ तोंडावर उडालं. दाणे रचले होते तसेच होते, पण एकाही दाण्यात काही उरलं नव्हतं. मागे चार पिल्लं भुकेनं कळवळत होती. खंडी दारापर्यंत गेली आणि परत फिरली. शेजारी जाऊन सांगायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होतं.

खाली कणीचं बरं चाललं होतं. इतरांकडून आलेल्या अख्ख्या दाण्यांतला एक ती दरवर्षी खात नसे, मातीत पुरी. गेल्या साली तिच्या दाराशी कणीस आलं होतं, आणि वर्षभर खाऊन चाळीस दाणे शिल्लक उरले होते. बांधावरून पिठाचा ओघळ उतरलेला तिनं पाहिला तेव्हा ते कोणाच्या पेवातलं, हे तिला विचारावं लागलं नाही.

झड उघडली त्या सकाळी खंडीला बाहेर लंगडती पावलं ऐकू आली. ती दार उघडेपर्यंत कणी पाठ फिरवून चालू लागली होती. उंबऱ्यावर एक दाणा होता. तो उचलायला खंडीला दोनदा जोर लावावा लागला.

“कणी,” तिनं हाक मारली, “वाट चुकलीस का गं?”

“नाही, ताई,” मागे न बघता कणी म्हणाली. “तुमचं तुमच्याकडे पोचलं.”

खंडीचा चेहरा त्या वेळी कोणी बघू नये असाच झाला होता, आणि तो कोणी बघितला नाही.

तिनं दाणा फोडून पिल्लांना भरवला. सवयीनं तिचे दात कोंबाच्या टोकाकडे गेले आणि तिथं थांबले. तेवढा तुकडा तिनं दारासमोरच्या ओल्या मातीत पुरला, वरून माती सारखी केली, आणि पाठ फिरवली.